आपली पेटी, आपली पट्टी

मागच्या सप्ताहात दिंडोरीकडच्या एका गावात आमच्या गटांच्या बायकांचं भजन होतं. द्राक्षाच्या बागेतलं काम उरकून सगळ्या वेळेवर आल्या. टाळ होते, पखवाज होता, पेटीही समोर होती. पण पेटी वाजवणारे दादा आलेच नाहीत. तासभर वाट पाहिली आणि शेवटी नुसत्या टाळावर हरिपाठ म्हणून घरी गेलो. त्या रात्री आम्ही एकमेकींना विचारलं, पेटी मंडळाची, वर्गणी आपली, मग वाजवणारा हात आपला का नाही?

म्हणून आज पेटीविषयी बोलणार आहोत. सिनेमात मोठ्या घराच्या दिवाणखान्यात पियानो दिसतो, तो आपण पाहिलेला असतो. पेटी ही त्याच्याच नात्यातली. दोन्हींना काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. पियानोला 88 पट्ट्या असतात, पट्टी दाबली की आतली छोटी हातोडी तारेवर पडते. पेटीत तारा नसतात. डाव्या हाताने भाता मारला की हवा भरते आणि उजव्या हाताने पट्टी दाबली की ती हवा पितळेच्या पातळ सुरातून जाते व आवाज निघतो. हे वाद्य युरोपातून आलं. तिकडे ते पायाने हवा भरून वाजवत. आपल्याकडे जमिनीवर मांडी घालून बसतात, म्हणून हाताच्या भात्याची पेटी झाली.

पियानो वाजवणारे कलाकार एकट्याने मैफल करतात. पेटीला मात्र गवयाच्या मागे बसायची सवय. तिला पुढे आणून बसवणाऱ्यांमध्ये मोठं नाव गोविंदराव टेंबे यांचं. जन्म 1881 सालचा, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाला ते साथ करत आणि ऐकता ऐकता शिकत. पुढे लोक नुसती त्यांची पेटी ऐकायला बसू लागले. 1911 साली ‘मानापमान’ नाटक आलं, त्यातल्या पदांच्या चाली त्यांच्याच. 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाला त्यांनी संगीत दिलं आणि हरिश्चंद्राचं कामही केलं. तारामती होत्या दुर्गाबाई खोटे.

इतकं होऊनही पेटीच्या वाट्याला अपमान आला. आपण आज रेडिओवर बोलतोय, त्या रेडिओनेच 1940 साली पेटीला दार बंद केलं. कारण असं की पेटीचे सूर ठरलेले. गळा एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जातो, त्याला मींड म्हणतात, ती पेटीत निघत नाही. आणि वाद्यही परकं. 1971 साली ती बंदी सैल झाली. टेंबे 1955 सालीच गेले. ज्या वाद्याने त्यांना नाव दिलं, ते रेडिओवर परत आलेलं त्यांनी पाहिलं नाही.

पण लोकांनी पेटी सोडली नाही. कीर्तनात, नाटकात, शाळेत ती राहिलीच. गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर गाण्याचे पहिले धडे आईकडून शिकले, पुढे पी. मधुकर यांच्याकडे पेटी शिकले आणि 2016 साली पेटीवादक म्हणून त्यांना पद्मश्री मिळाली. सीमा शिरोडकर तर आज मोठमोठ्या गवयांना मैफलीत साथ करतात. म्हणजे बाईच्या हातात पेटी शोभत नाही, हे म्हणणं कधीच खोटं ठरलंय.

आता आपल्या कामाची गोष्ट. भजनात आपला आवाज फाटतो, धाप लागते किंवा सूर इतका खाली जातो की शब्द ऐकूच येत नाहीत. आपण म्हणतो, माझा गळाच चांगला नाही. पुष्कळदा गळा चांगलाच असतो, पट्टी चुकलेली असते. पुरुष साधारण काळी एकच्या आसपास गातात, बायका काळी चार किंवा काळी पाचला. दादा त्यांच्या सवयीच्या पट्टीत वाजवतात आणि आपण ओढाताण करत गातो.

काळी चार धरून सा घेतला तर रे काळी पाचला येतो. ग त्याच्या पुढची पांढरी एक, म काळी एक, प काळी दोन, ध पांढरी चार, नी पांढरी पाच. मग पुन्हा काळी चार, तो वरचा सा. सुरुवातीला एवढंच. रोज दहा मिनिटं, भाता हलका, घाई नाही. महिन्याभरात बोटं न पाहता पडू लागतात. मग पाठ असलेला एखादा अभंग हळूहळू शोधायचा. कुणाला काळी चार उंच वाटली तर थोडं खाली यायचं. पट्टी गळ्यासाठी असते, गळा पट्टीसाठी नसतो.

आमच्या गटात आता ठरलंय. मासिक बैठकीत हिशेब झाला की अर्धा तास पेटी उघडायची. तिघींनी नावं दिली, त्यातल्या एक आजी पासष्टीच्या आहेत. त्या म्हणाल्या, “भाकरी थापणाऱ्या हाताला पट्टी दाबणं काय जड आहे?” दादांवर आमचा राग नाही. ते आले तर आनंदच, त्यांच्याकडून शिकूही. पण पुढच्या सप्ताहात ते आले नाहीत, तरी आमचं भजन थांबणार नाही.

तुमच्या गावातली पेटी कुठे आहे? देवळाच्या कपाटात असेल तर आधी तिच्यावरची धूळ पुसा आणि किल्ली कुणाकडे आहे ते विचारा. तिथूनच सुरुवात होईल.