नंदीग्राममध्ये रेंज का जाते?

नंदीग्राम एक्स्प्रेस मुदखेडला मुख्य मार्ग सोडते आणि भोकर, हिमायतनगर करत किनवटच्या जंगलपट्ट्याकडे निघते. डब्यात कुणाचा व्हिडिओ फिरत राहतो, कुणाचा ऑनलाइन अर्ज निम्म्यावर अडकतो. ‘रेल्वेनं डब्यातच वाय-फाय द्यावं’ ही मागणी मग निघतेच. मागणी रास्त आहे. पण वाय-फाय म्हणजे डब्यातल्या राउटरच्या खोक्यापासून फोनपर्यंतचे शेवटचे काही मीटर. त्या खोक्यापर्यंत इंटरनेट आणायचं कुठून?

स्थानकांवर हे सोपं होतं. रेल्वेच्या रेलटेल कंपनीचं ६० हजार किलोमीटरहून मोठं फायबरचं जाळं मुख्यतः रुळांच्या कडेनंच गेलं आहे. त्यावरून जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला गुगलच्या साथीनं मोफत वाय-फाय सुरू झालं; पुढं ते सहा हजारांवर स्थानकांत पोहोचलं. धावत्या गाडीला ही तार जोडता येत नाही. उपग्रहाचा प्रयोग २०१३ मध्ये हावडा राजधानीत झाला. यंत्रणा महाग, बँडविड्थचा खर्च कायमचा आणि एवढं करून वेग अपुरा. प्रकल्प सोडून दिल्याचं रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी २०२१ मध्ये लोकसभेत सांगितलं.

उरला मोबाइल टॉवर. डबा धातूचा, म्हणजे लहरी मुख्यतः खिडकीतूनच आत येणार. वातानुकूलित डब्याच्या बंद काचेवर उष्णता परतवणारा धातूचा पातळ थर असेल, तर तो लहरीही परतवतो. २० डेसिबलची घट झाली की शंभरातला एकच भाग आत पोहोचतो. जनरल डब्यात उघड्या खिडकीशी बसलेल्याला एसीवाल्यापेक्षा बरी रेंज मिळू शकते, तिथं बसायला मिळालं तर!

गाडीच्या वेगाला उगाच दोष दिला जातो. ताशी १०० किलोमीटर वेगाला १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीत डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे गतीमुळे वारंवारितेत पडणारा फरक साधारण १६७ हर्ट्झ. फोरजीचे उपवाहक, म्हणजे माहिती वाहणाऱ्या शेजारशेजारच्या लहरी, एकमेकांपासून १५ हजार हर्ट्झ अंतरावर असतात. त्यापुढं हा फरक किरकोळच. अडचण गर्दीची आहे. शेकडो फोन एकदम एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत शिरतात. तीनशे जणांनी सेकंदाला एक मेगाबिटचा व्हिडिओ लावला, तरी तीनशे मेगाबिट लागले. गावाच्या गरजेपुरता उभारलेला टॉवर तिथं गुदमरतो आणि गाडी गेली की रिकामा बसतो. मोजक्या गाड्यांच्या मार्गावर, विरळ वस्तीत, कंपनी नवा टॉवर कशाला उभारेल?

डब्याच्या टपावर अँटेना लावून, सगळ्या कंपन्यांची रेंज एकत्र करून आत वाटता येते. जर्मनीच्या ‘आयसीई ३ निओ’ गाड्यांना लहरी आत येऊ देणाऱ्या काचाच बसवल्या आहेत. पण बाहेर रेंजच नसेल, तर टपावरच्या अँटेनानं पकडायचं काय?

रेल्वे स्वतः मात्र आपल्या भागात बिनतारी बोलू लागली आहे. मनमाड-मुदखेड-सिकंदराबाद मार्गावर गाड्यांची टक्कर टाळणारं ‘कवच’ बसलं आहे. रुळांमधल्या आरएफआयडी टॅगवरून इंजिनाला आपली जागा कळते आणि ते रेडिओवरून स्थानकाशी बोलतं. ही माहिती असते थोडी, पण ती चुकून चालत नाही. २०२१ मध्ये रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातले ५ मेगाहर्ट्झ मिळाले, तेही सुरक्षा आणि रेल्वेच्या दळणवळणासाठी. त्यावर प्रवाशांचे सिनेमे चालवू नयेत, हे बरोबरच. मात्र अशा यंत्रणेसाठी रुळांकडेला मनोरे, वीज आणि फायबर लागतातच. भोकर-किनवट मार्गावर ते उभारताना मोबाइल कंपन्यांना त्याच मनोऱ्यांवर भाड्यानं जागा दिली, तर जंगलात वेगळा टॉवर उभारण्याचा खर्च वाचेल.