दोन आसनांची मोटार आणि तिसरें माणूस

घरांत पाळणा हलणार असें कळलें कीं त्या घरांतील पुष्कळशा वस्तूंच्या जागा बदलतात. खिडकीजवळचें टेबल कोपऱ्यांत जातें, पुस्तकांचें कपाट दुसऱ्या खोलींत सरकतें, आणि माळ्यावरचा जुना पाळणा खालीं येतो. या हलवाहलवींत कोणास कांहीं विशेष वाटत नाहीं. परंतु सांप्रत पुण्यांतील कांहीं घरांत या वेळीं अशी एक वस्तु चर्चेस येते, कीं जी नुसती सरकवून भागत नाहीं. ती म्हणजे नोकरीच्या पहिल्या उमेदींत घेतलेली वेगवान स्पोर्ट्स मोटार. दोनच दारांची, कधीं दोनच आसनांची, जमिनीलगत बसणारी, आणि गल्लीच्या तोंडाशींच आवाजावरून ओळखूं येणारी. “आतां ही विका आणि चांगली घरगुती गाडी घ्या,” असें आजी म्हणतात; मामंजी वर्तमानपत्राआडून दुजोरा देतात; चिरंजीव गप्प बसतात; आणि सूनबाईंस काय वाटतें, हें विचारावयाचें बहुधा राहून जातें.

हा श्रीमंतांचा प्रश्न आहे, त्याच्याशीं आपल्याला काय कर्तव्य, असें कांहीं वाचक म्हणतील. परंतु मोटारीच्या जागीं मोटारसायकल ठेवावी, महागडा कॅमेरा ठेवावा किंवा दर पावसाळ्यांतील गडांच्या वाऱ्या ठेवाव्या. प्रश्न तोच राहतो. दोघांच्या संसारांत तिसरें माणूस येत असतां पहिल्या दोघांच्या आनंदापैकीं काय ठेवावें, काय सोडावें, आणि तें कोणीं ठरवावें, असा हा प्रश्न आहे. मोटार हें त्याचें डोळ्यांत भरणारें रूप, इतकेंच.

पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. सायकलीच्या दांड्यावर बसून शाळेस गेलेली पिढी आज आजोबांच्या वयाची आहे. १९७२ सालीं बजाजची चेतक स्कूटर आली आणि त्याच सालीं कायनेटिकची लूनाहि आली. पुढें उभें राहिलेलें थोरलें मूल, मागें एका बाजूस पाय सोडून बसलेली आई आणि तिच्या मांडीवर धाकटें, असे चौघेजण एका स्कूटरवरून जातांना कोणीं पाहिले नाहींत? पावसांत असेंच एक कुटुंब स्कूटरवरून जातांना पाहून आपल्या मनांत नॅनो मोटारीची कल्पना आली, असें रतन टाटा यांनीं सांगितलें होतें. ती मोटार १० जानेवारी २००८ रोजीं दिल्लीच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आली. तात्पर्य, वाहन आधीं घ्यावयाचें आणि कुटुंब त्यांत कसेंबसें बसवावयाचें, ही आपल्याकडील जुनीच रीत आहे.

मोटारी बनविणाऱ्यांनींहि या अडचणीची दखल घेतलेली आहे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीनें १९६१ पासून विलायती ट्रायंफ हेराल्डच्या धर्तीवर जी मोटार काढली, ती दोन दारांची होती. मागें बसावयाचें तर पुढील आसन वांकवून वाट काढावी लागे. नऊवारी लुगडें नेसलेल्या सासूबाईंस हें कितपत जमलें असेल, याची कल्पनाच करावी! पुढें १९६८ सालीं त्याच कंपनीनें तिला चार दारें दिलीं. इंग्लंडांत जॅग्वार कंपनीची ‘ई टाइप’ ही गाजलेली दोन आसनी मोटार १९६१ सालीं निघाली. पांच वर्षांनीं कंपनीनें तिच्या चाकांमधील अंतर नऊ इंचांनीं वाढवून मागें दोन लहान आसनें बसविलीं. जर्मनीच्या पोर्श कंपनीनें तर १९६३ सालीं लोकांपुढें मांडलेल्या आपल्या प्रसिद्ध ‘९११’ मोटारींत आरंभापासूनच मुलांपुरतीं आसनें ठेवलीं होतीं. ज्यांचा धंदा वेगाचा, त्यांनाहि गिऱ्हाइकाच्या घरांतील पाळणा विसरतां आला नाहीं.

वेगाची आवड हें कांहीं पाप नव्हे. जे. आर. डी. टाटा यांना तरुणपणीं बुगाटी मोटारीचें मोठें वेड होतें. ती भरधाव हांकल्याबद्दल त्यांच्यावर ठपका आला, तेव्हां ते जॅक व्हिकाजी या वकिलांकडे गेले. तेथें त्यांच्या नात्यांतील थेल्मा व्हिकाजी यांची ओळख झाली, आणि १९३० सालीं दोघांचा विवाह झाला. मोटारीनें संसार मोडल्याच्या कथा पुष्कळ ऐकूं येतात. मोटारीनें संसार जुळविल्याची ही एक कथाहि ध्यानांत असूं द्यावी. म्हणून “शोभत नाहीं” एवढ्या एका शब्दावर कोणाची आवडती मोटार विकावयास लावणें आम्हांस मान्य नाहीं. शोभेचा प्रश्न बाजूस ठेवून मुलाची खरी गरज कोणती, तें आधीं पाहिलें पाहिजे.

ती गरज अगदीं स्पष्ट आहे. मोटारींत तान्ह्या मुलाला स्वतःचें आसन पाहिजे. आईची मांडी हें आसन नव्हे. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार टक्कर होऊन एका सेकंदाच्या दहाव्या भागांत थांबली, तर पांच किलो वजनाचें बाळ सुमारें ७० किलोंच्या जोरानें पुढें फेंकलें जातें. साधा गुणाकार करून कोणासहि हें पडताळून पाहतां येईल. इतका भार आईच काय, पण तालमींतला मल्लहि त्या क्षणीं हातांत धरूं शकणार नाहीं. शिवाय वेग दुप्पट झाला कीं टकरीचा आघात दुप्पट होऊन थांबत नाहीं, तो चौपट होतो. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें चौदा वर्षांखालील मूल पट्ट्यानें किंवा चाइल्ड सीटनें बांधलेलें नसेल, तर मोटार चालविणाऱ्यास एक हजार रुपये दंड आहे. दंडाची रक्कम लहान आहे. पण मागची गोष्ट लहान नाहीं.

दोन आसनी मोटारीची खरी अडचण येथेंच येते. तान्ह्या मुलाची मान नाजूक आणि डोकें जड असतें, म्हणून त्याची चाइल्ड सीट पाठमोरी बसवावी लागते. युरोपांतील नव्या नियमाप्रमाणें निदान पंधरा महिने पुरे होईपर्यंत तरी ती तशीच ठेवावी लागते. आतां पुढील आसनासमोर एअरबॅग असते. टक्कर होतांच ती एका सेकंदाच्या विसाव्या भागाहूनहि कमी वेळांत फुगते, आणि मोठ्या माणसाला वांचविणारा तोच आघात पाठमोऱ्या सीटमधील बाळाला प्राणघातक ठरूं शकतो. जिची एअरबॅग चालू आहे, त्या पुढील आसनावर पाठमोरी चाइल्ड सीट कधींहि बसवूं नये. कांहीं मोटारींत ती एअरबॅग बंद ठेवण्याची सोय असते. ज्यांत नाहीं, त्या दोन आसनी मोटारींत तान्ह्या मुलाला जागाच नाहीं, असें समजावें. आणि सोय असली तरी बाळ आणि मोटार चालविणारा मिळून दोन आसनें भरलीं. आईनें मग रिक्षानें मागून यावयाचें काय?

पण याच न्यायानें “घरगुती गाडी म्हणजे सुरक्षित गाडी” ही समजूतहि तपासून घेतली पाहिजे. २०१४ च्या जानेवारींत ग्लोबल एन्‌कॅप या संस्थेनें भारतांत खपणाऱ्या पांच लहान मोटारींच्या टकरीच्या चांचण्या जाहीर केल्या. मारुती आल्टो ८००, टाटा नॅनो, फोर्ड फिगो, ह्युंदाई आय१० आणि फोक्सवॅगन पोलो या पांचहि मोटारींस, एअरबॅग नसलेल्या साध्या रूपांत, प्रौढांच्या रक्षणाबद्दल शून्य तारे मिळाले. यांतील पोलो ही आपल्या शेजारच्या चाकणच्या कारखान्यांत तयार झालेली. तीच दोन एअरबॅगांसह तपासली, तेव्हां तिला चार तारे मिळाले. बाहेरून पाहतां दोहोंचा आकार एकच! दारें चार आहेत, रंग पांढरा आहे आणि शेजाऱ्यांनीं पसंत केली आहे, एवढ्यानें मोटार मुलाच्या योग्यतेची होत नाहीं. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशांतहि ‘भारत एन्‌कॅप’ या नांवानें असे तारे देण्याची व्यवस्था सुरू झाली असून, तींत मुलांच्या रक्षणाचे गुण वेगळे दाखविले जातात. नवी मोटार घेणाऱ्या आजोबांनीं किंमत विचारण्यापूर्वीं तेवढे गुण विचारावे, अशी आमची त्यांस विनंति आहे.

दुसरा विचार पैशाचा. विमा कंपन्यांच्या रूढ कोष्टकांत मोटारीची किंमत पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धांत शेंकडा १५, आणि पांचव्या वर्षांत शेंकडा ५० घटलेली धरतात; म्हणजे वीस लाखांची मोटार पांचव्या वर्षीं दहा लाखांची. यावरून मोटार “गुंतवणूक म्हणून ठेवली आहे” हें समर्थन टिकत नाहीं. “मुलासाठीं ठेवतों,” हेंहि एक समर्थन ऐकूं येतें. तें गोड आहे. पण २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें मोटार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें ओलांडून मूळ रूपांत राहिली, तरच तिला ‘व्हिंटेज’ म्हणून मान मिळतो. तोंवर चिरंजीवांचेच केस पांढरे होतील! तेव्हां मोटार ठेवावयाची तर “मला आवडते म्हणून ठेवतों,” असें सरळ म्हणावें. तें कारण लाजिरवाणें नाहीं. मात्र तें कारण पुढें करतांना प्रसूतीचा खर्च, आरोग्यविमा आणि घराच्या कर्जाचे हप्ते यांची तोंडमिळवणी आधीं झालेली असली पाहिजे. कर्ज काढून वेग विकत घेणें बापाच्या नव्या पदवीला परवडणारें नाहीं.

आतां ज्या मुद्द्यासाठीं आम्हीं हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे येतों. पुरुषाची मोटार विकावी कीं ठेवावी, यावर घरांत आठ दिवस खल होतो. परंतु त्याच घरांतील सुनेनें गाण्याची शिकवणी सोडली, कचेरींतील बढती नाकारली, सकाळचें पर्वतीवर जाणें बंद केलें, यावर किती वेळ खल झाला? बहुधा मुळींच नाहीं. तें सर्व आपोआप व्हावयाचेंच असें धरून चालतात. २०१७ च्या दुरुस्तीनें आईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळूं लागली, ही चांगली गोष्ट झाली. केंद्र सरकारच्या सेवेंतील बापाला मात्र १५ दिवसच मिळतात. आकड्यांतील हें अंतर घरांतल्या अपेक्षांतहि उतरतें. म्हणून आमचें म्हणणें असें, कीं जो न्याय मोटारीला तोच तंबोऱ्याला लावावा. दोघांनीं एका कागदावर दोघांच्याहि आवडी लिहाव्या, प्रत्येकीला लागणारा पैसा व वेळ लिहावा, आणि मग काय ठेवावयाचें तें ठरवावें. त्याची मोटार राहिली तर तिचें गाणेंहि राहिलें पाहिजे. तो रविवारीं सकाळीं दोन तास ताम्हिणीच्या रस्त्याला गेला, तर शनिवारीं संध्याकाळीं दोन तास मूल त्याच्यापाशीं असलें पाहिजे. आणि मोटार सुनेची असेल, तशा सुना आतां पुण्यांत दुर्मिळ राहिलेल्या नाहींत, तर हाच हिशेब उलट बाजूनें वाचावा.

एकत्र कुटुंबास या बाबतींत एक मोठी सवलत आहे. जेथें सासऱ्यांची किंवा दिरांची चार दारांची मोटार घरांत आहे, तेथें दोन आसनी मोटारीवर मुलाला नेण्याची जबाबदारी येत नाहीं; ती सुखानें छंद म्हणून राहूं शकते. मात्र तसें करतांना वडिलांची मोटार गृहीत धरूं नये. लसीकरणाचा दिवस, रात्रीं अपरात्रीं डॉक्टरांकडे धांवावें लागण्याची वेळ, यांसाठीं ती कोणाच्या हातीं राहील हें आधीं बोलून ठेवावें. तसेंच सदाशिव पेठेंतील जुन्या वाड्याच्या जागीं उभ्या राहिलेल्या इमारतींत एका बिऱ्हाडाला मोटारीची एकच जागा मिळते. तेथें दुसरी मोटार रस्त्यावर उभी करून शेजाऱ्यांच्या दारावर अतिक्रमण करणें हा छंद नव्हे, उपद्रव होय. जेथें दुसरी मोटार नाहीं, जागा नाहीं आणि पैसाहि ओढाताणीचा आहे, तेथें मात्र निर्णय सरळ आहे: मोटार विकावी, आणि एकदां विकल्यावर तिच्याबद्दल बायकोपाशीं किंवा मुलापाशीं उसासे टाकूं नयेत. “तुझ्यासाठीं मीं अमुक सोडलें,” हें वाक्य ज्या मुलाच्या कानांवर वारंवार पडतें, त्याला तें ओझें जन्मभर वाहावें लागतें.

राहिला प्रश्न वेळेचा. गोड बातमी कळल्याच्या उत्साहांत किंवा बाळंतपणानंतरच्या जागरणांत असा निर्णय घेऊं नये. मुलाला बसवावयास योग्य अशी मोटार आधीं निश्चित करावी. तिला उशीर चालणार नाहीं. परंतु आवडत्या मोटारीचा निकाल मुलाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत लांबणीवर टाकण्यास, पैशाची नड नसेल तर, हरकत नाहीं. त्या वर्षांत ती किती वेळां बाहेर काढली, तिच्यावर किती रुपये गेले आणि ती बाहेर गेली तेव्हां घरांत मूल कोणीं सांभाळलें, याची टिपण ठेवावी. वर्षअखेरीस दोघांनीं मिळून ती वाचावी. मोटार ठेवावी कीं विकावी, याचें उत्तर त्या टिपणांत मिळेल. आणि तें उत्तर शेजाऱ्यांना आवडो वा न आवडो, घरांतील दोघांना पटलेलें असेल.