मालवणचा मुक्काम आणि तिथीचे गणित

समुद्रकाठी चार दिवस नुसते राहावयास जावे, ही कल्पना आपल्या घरांतून फारशी जुनी नाही. वाडवडिलांचा सागराशी संबंध आला तो पर्वणीपुरता. अमावास्या-पौर्णिमेसारख्या पर्वकाळी समुद्रस्नान पुण्यप्रद मानावे आणि एरवी सागरास दुरूनच नमस्कार करावा, असा धर्मशास्त्राचा दंडक होता. हवापालट करावयाचा तर मंडळी महाबळेश्वर नाहीतर माथेरान गाठीत. वाळूत बसून सुटी घालविण्याचा प्रकार आपण इंग्रजांकडून घेतला, आणि त्यांच्याकडेही तो पुरातन नव्हे. अठराव्या शतकाच्या मध्यास रिचर्ड रसेल नावाच्या वैद्याने समुद्राचे पाणी अंगास लावण्याचे, इतकेच नव्हे तर पोटात घेण्याचेही, गुण वर्णिले. ब्रायटन हे कोळ्यांचे गाव त्या प्रसिद्धीने वर आले, आणि १८४१ साली लंडनहून तेथवर आगगाडी गेल्यावर सामान्य माणसालाही ते हाताशी आले. उत्तरेकडे लँकेशायरातील कापडगिरण्या एकेका गावी पाळीपाळीने आठवडाभर बंद राहत, आणि त्या आठवड्यात ते गावच्या गाव ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर लोटे.

आपण त्यांच्यापासून वाळू घेतली, मुलांच्या बादल्या आणि फावडी घेतली, आता तर पोहण्याचे पोशाखही घेतले. मात्र त्यांची एक सवय घ्यावयाची राहून गेली. समुद्रकाठच्या गावी जाणारा इंग्रज गृहस्थ आधी भरतीच्या वेळांचे कोष्टक पाहतो. त्यास तसे कारणही आहे. ब्रिस्टलच्या खाडीवर वेस्टन-सुपर-मेअर म्हणून एक विहाराचे गाव आहे. तेथे ओहोटीला पाणी मैलभर मागे हटते आणि पुढे नुसता चिखल उरतो. अवेळी गेलेल्या कुटुंबाला समुद्र दिसतो खरा, पण पायास लागत नाही.

आपल्याला असले कोष्टक विकत घेण्याचे कारण नाही. ते आपल्या प्रत्येक घरात भिंतीवर टांगलेले असते, आणि एकादशी व संकष्टी यांपलीकडे आपण त्याचा उपयोग करीत नाही.

कोकणपट्टीतील जाणत्यांचा हिशेब असा: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता भरती; अष्टमीस सहा वाजता; एकादशीस सव्वाआठ; पौर्णिमेस सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकापासून मोजावयाचे. हीच वेळ दिवसा आणि हीच रात्री, आणि दोहींच्या मध्ये, सुमारे सहा तासांनी, पूर्ण ओहोटी. गणित स्थूल आहे. दोन्ही भरतींत नेमके बारा तासांचे अंतर नसते, थोडे अधिक असते. शिवाय मुंबईच्या मानाने मालवणला पाणी काहीसे आधी चढते. सबब अर्ध्यापाऊण तासाचे मागेपुढे सोडून द्यावे. कुटुंबाचा बेत आखण्यास इतके पुरे आहे. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो आणि भरती त्याच्यामागून चालते, एवढेच या पाऊणपटीचे रहस्य. नातवंडांना हे एकदा समजावून सांगितले की ती पाढ्यांसारखे आपणहून म्हणू लागतात, असा अनुभव आहे.

जाता जाता एका शब्दाकडे लक्ष वेधतो. संस्कृतात 'वेला' म्हणजे काळ, वेला म्हणजे सागराची मर्यादा किंवा किनारा, आणि वेला म्हणजे भरतीही. मराठीने त्यातला काळ तेवढा उचलला. कोंकणीत मात्र समुद्रकिनाऱ्यास आजही 'वेळ' म्हणतात. किनारा आणि घड्याळ हे ज्या भाषेने एकाच शब्दात बांधले, ती बोलणारे लोक समुद्र नीट ओळखून असले पाहिजेत.

आता प्रत्यक्ष बेताकडे वळू. एकत्र कुटुंबास सर्वांना सोयीची सुटी म्हणजे दिवाळीची किंवा मे महिन्याची. पैकी मे महिन्याचा पूर्वार्ध आंब्याच्या लोभाने चालवून घेता येईल. मात्र अंगाची काहिली होते आणि वृद्धांना ती सोसत नाही. उत्तरार्ध तर वर्ज्यच मानावा. पावसाळा किनाऱ्यास लागण्यापूर्वीच दक्षिणेकडून लाटा वाढू लागतात. २०२२ च्या मे महिन्याच्या २४ तारखेस तारकर्लीच्या समुद्रात प्रवाशांची नौका उलटून दोघांचे प्राण गेले, हे विसरण्याजोगे नाही. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंदच असतात. नारळी पौर्णिमेस मालवणकर सागरास नारळ अर्पण करतात, त्यानंतर समुद्र हळूहळू निवळतो, आणि कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ सर्वांत उत्तम. नाताळचा आठवडा मात्र टाळावा, कारण त्या दिवसांत गर्दीही फार आणि खोल्यांचे दरही फार.

तेव्हा दिवाळी. पण दिवाळीतले कोणते दिवस? सामान्यतः मंडळी भाऊबीज आटोपून त्याच रात्री निघतात आणि तृतीया, चतुर्थी, पंचमी असे तीन दिवस किनाऱ्यावर काढतात. दुपारी जेवून, वामकुक्षी करून चार-साडेचारला पाण्याकडे जावयाचे, ही आपली रीत. वरचे गणित मांडून पाहा. त्या तीन दिवशी भरती पूर्ण होते ती अनुक्रमे सव्वादोन, तीन आणि पावणेचार वाजता. म्हणजे आपली मुले ज्या वेळी पाण्यात उतरतात, नेमके त्याच वेळी पाणी समुद्राकडे परतू लागलेले असते. त्यातून हे दिवस अमावास्येच्या लगतचे. उधाणाचा जोर पर्वणीनंतरही एकदोन दिवस टिकतो, त्यामुळे ओहोटीची ओढही मोठी.

याउलट अष्टमीपासून दशमीपर्यंतचे दिवस घ्या. भरती सायंकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान पूर्ण होते. चार वाजता पाणी किनाऱ्याकडे येत असते. आणि हे दिवस भांगाचे, म्हणजे चढउतार थोडा आणि ओढ सौम्य. दोन अंगुळांच्या पंचांगात चार दिवस पुढे सरकले की एवढा फरक पडतो! शाळा उघडण्याची तारीख आड येत नसेल तर कार्तिक शुद्ध सप्तमीस पोहोचावे असे मी सुचवीन. येत असेल तर तृतीया-चतुर्थीसच जावे, पण स्नान सकाळी अकरा ते एक या वेळात, पाणी चढत असता उरकावे आणि सायंकाळी वाळूवरच बसावे. पर्वस्नान सकाळी करण्याच्या जुन्या प्रघातातही पाणी चढतेच असे. पौर्णिमेस सकाळी पाचपासून अकरापर्यंत भरती चालू असते. शास्त्रकारांच्या मनात हेच होते असे मी म्हणत नाही.

तथापि चढते पाणी म्हणजे अभयपत्र नव्हे. २०१७ च्या १५ एप्रिल रोजी वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या विद्यार्थ्यांपैकी आठ जण बुडाले. त्या दिवशी चैत्र वद्य चतुर्थी होती आणि दुर्घटना घडली ती दुपारच्या भरतीपूर्वी, म्हणजे आमच्या गणिताने 'चांगल्या' वेळी. तळाची वाळू कोठे खचली आहे, लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी कोणत्या चिंचोळ्या वाटेने परत आत जाते, हे पंचांगात लिहिलेले नसते. ते जवळच्या रापणकाराला, होडीवाल्याला विचारावे आणि तो 'नको' म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नये. गुडघ्यापर्यंतचे पाणी ही मुलांची सीमा असावी. पाण्यात पाच मुले असतील तर काठावर दोन मोठी माणसे नुसती पाहत उभी असावीत. हातात छायाचित्राचे यंत्र नाही, दूरध्वनी नाही, गप्पा नाहीत. पाळी अर्ध्या तासाची ठेवावी. चुकून कोणी आत ओढला गेलाच तर त्याने पाण्याविरुद्ध झगडू नये, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूस व्हावे, हे घरीच सर्वांना घोकून घ्यावे. आणि नदी समुद्रास मिळते तेथे, म्हणजे देवबागच्या टोकास कर्ली नदीच्या मुखाशी, स्नान मुळीच करू नये. तेथे पाहावयास जावे. ओहोटीला पाण्यातून वाळूचा पट्टा वर येतो तो सुरेख दिसतो, आणि अष्टमीच्या सुमारास ती वेळ दुपारी बारा-एकची असल्याने होडीने जाऊन जेवणास परतता येते.

प्रवासाविषयी थोडक्यात सांगतो. पूर्वी मंडळी आगबोटीने येत. कोकण रेल्वे १९९८ च्या २६ जानेवारीपासून सर्व मार्गावर धावू लागली, पण मालवणास स्टेशन नाही. कुडाळास उतरून एस.टी.ने किंवा भाड्याच्या गाडीने जावे. चौदा माणसांची तिकिटे एका डब्यात हवी असतील तर आरक्षण खुले होताच करावे, कारण दिवाळीच्या गाड्या भरावयास फार वेळ लागत नाही.

मुक्काम तारकर्ली-देवबागच्या बाजूस करावा की मालवण गावात? तारकर्लीस अंगणातून समुद्र दिसतो. देवबागेस तर एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला नदी. पण ज्या कुटुंबात सत्तरीपलीकडची माणसे आहेत त्यांनी गावातच राहावे असे माझे मत आहे. औषधांचे दुकान, डॉक्टर, बाजार, देऊळ हे पायी अंतरावर हवे. तरुणांना किनारा लांब वाटला तरी चालावयाचे पाय त्यांचेच आहेत.

जेवणाचा प्रश्न नाजूक आहे. मालवण प्रसिद्ध ते मासळीसाठी, तेव्हा शाकाहारी घराण्यांनी खोली ठरवितानाच स्वयंपाक कोण करणार, भांडी वेगळी मिळतील का, हे स्पष्ट विचारावे. लाजू नये आणि आढ्यताही दाखवू नये. यजमानांना अशा पाहुण्यांची सवय असते. काळ्या वाटाण्यांचे सांबारे आणि घावणे, सोलकढी, नारळाच्या रसातल्या खापरोळ्या, शिरवाळे, यांवर चार दिवस कोणाचीही तक्रार येऊ नये. ओल्या काजूंची उसळ मात्र कार्तिकात मिळणार नाही. ती फाल्गुन-चैत्राची चैन आहे.

काही घरांत यावर एक 'सोपा' तोडगा काढतात: शेगडी, डाळ-तांदूळ बरोबर घेऊन घरच्याच स्त्रियांनी तेथे रांधावयाचे. पुरुष आणि मुले समुद्रावर, सुना आणि सासू परक्या स्वयंपाकघरात! याला सुटी कोणाची म्हणावयाचे? खर्च वाचतो हे खरे. त्यापेक्षा मुक्काम एक दिवसाने कमी करावा आणि चूल दुसऱ्याच्या हाती द्यावी. ज्या आजीबाईंना परान्न चालत नाही त्यांच्यापुरते फळ, दूध, दशम्या यांची सोय सहज होते. त्यांच्या नावावर बाकीच्या चौघींना अडकवू नये.

सिंधुदुर्ग पाहण्यास एक सकाळ राखून ठेवावी. धक्क्यावरून होडी पाव तासाच्या आत नेते. अंगरखा बांधून, म्हणजे तो तरंगता अंगरखा हो, त्याशिवाय कोणीही बसू नये. कुरटे बेटावरील या किल्ल्याचा पाया महाराजांनी मार्गशीर्ष वद्य द्वितीया शके १५८६, म्हणजे २५ नोव्हेंबर १६६४ रोजी घातला. द्वितीयेची पाऊणपट दीड. अर्थात त्या दिवशी भरती दुपारी दीडच्या सुमारास असावी आणि सकाळी साडेसातला खडक उघडे पडलेले असावेत. मुलांना हे गणित तटावर उभे राहून करावयास लावावे. तीन वर्षांत उभा राहिलेला हा तट सुमारे तीन किलोमीटर लांबीचा आहे, आणि दरवाजा असा वळणात लपविलेला की जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत श्रीशिवराजेश्वराचे मंदिर आहे, आणि चारही बाजूंस खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचे पाणी गोडे आहे. तटावरील महाराजांच्या हातापायाचा ठसा पाहिल्यावाचून वृद्ध मंडळी परतत नाहीत. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचे स्थान मिळाले, त्यांत हाही आहे. तटाच्या पायऱ्या उंच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी देवळाच्या सावलीत बसावे आणि बरोबर एक नातू ठेवून घ्यावा.

परतीची गाडी एकादशीची धरावी. उपवास करणाऱ्यांचे खजूर, केळी आदल्या दिवशी मालवणच्या बाजारातून घ्यावीत, तेथेच मुलांसाठी मालवणी खाजेही मिळेल. द्वादशीस घरी पोहोचले म्हणजे तुळशीचे लग्न चुकत नाही. कुडाळची गाडी दुपारची असेल तर एकादशीस स्नानाला जाण्याच्या भरीस पडू नये: भरती सव्वाआठला संपते, आणि पुढील सर्व सकाळ पाणी ओहोटीचे असते.