सामासिक शब्दाचा सांधा कुठे?

वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा–कळंब टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पुढे दिग्रस, पुसद, उमरखेड ही नावं स्थानकावर यंत्राच्या आवाजात पुकारली जातील, तेव्हा या दोन बातम्यांची गाठ पडेल. ‘उमरखेड’ लिहिताना अक्षरं पाच, पण पुसदचा माणूस बोलतो उ-मर्-खेड्. ‘र’ आणि ‘ड’मधला अ कुठे गाळायचा, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. यंत्राला मात्र ते शिकवावं लागतं.

खरी अडचण येते सामासिक शब्दांत. ‘पोचवला’ आणि ‘लोकसभा’ यांची अक्षररचना एकसारखी आहे. तरी आपण म्हणतो पो-चव्-ला, पण लोक्-स-भा. एका शब्दात तिसऱ्या अक्षराचा अ गळतो, दुसऱ्यात दुसऱ्याचा. कारण ‘लोकसभा’ दोन पदांची आहे आणि प्रत्येक पद आपला उच्चार सोबत आणतं. हा सांधा लिपीत दिसत नाही, तो बोलणाऱ्याच्या कानात असतो. ज्याला तो ठाऊक नाही, तो ‘लोकस्-भा’ वाचणार.

काही ठिकाणी सांध्याची खूण लेखनातही उमटते. घोडा ‘घोडदळा’त शेवटचा काना टाकतो, पाणी ‘पाणबुडी’त पाण होतं आणि दीर्घ ‘कवी’ ‘कविराज’मध्ये ऱ्हस्व होतो.

नॉर्वेजियन भाषेत हाच सांधा जोर सांभाळतो. तिथे जोडशब्दातल्या पहिल्या पदावर मुख्य आघात येतो. ‘लाम्मेलोर’ सलग लिहिलं तर कोकराची तंगडी, तोडून लिहिलं तर लुळ्या मांड्या! मराठीत आघाताने सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपण त्याकडे दुर्लक्ष केलं. शाळेत आघात भेटतो तो वृत्तांच्या धड्यात, जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरापुरता. त्या मोजणीत ‘घोडदळ’ चार अक्षरांचं, बोलण्यात मात्र दोनच अवयवांचं, म्हणजे उच्चाराच्या तुकड्यांचं: घोड्-दळ्.

डॉ. अशोक केळकरांनी 1958 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर आणि पदरचनेवर प्रबंध सादर केला. म्हणजे या विषयाचा शास्त्रीय पाया जुना आहे. तो रोजच्या वापरात आणणं तेवढं राहिलं. अभिजात दर्जाच्या निमित्ताने सोहळे जरूर व्हावेत, पण त्याआधी प्रत्येक मराठी शब्दकोशात सामासिक शब्दाचा सांधा आणि उच्चार छापला जावा. आणि गावोगावच्या शिक्षकांनी आपापल्या परिसरातल्या गावांची नावं मुलांकडून अवयव पाडून वदवून घ्यावीत. त्याला ना निधी लागतो, ना शासननिर्णय.