चहाने अंगातलं पाणी कमी होतं का?



उन्हाळ कांद्याची काढणी जोरात चालू आहे. परवा एका सभासदाच्या प्लॉटवर दुपारी दीडच्या सुमारास एक मावशी चक्कर येऊन खाली बसल्या. सकाळपासून पाणी किती प्यायलात विचारलं, तर म्हणाल्या, "तीनदा चहा झालाय की." मालक म्हणाले, चहामुळेच अंग सुकलं. दोघांचंही थोडं थोडं चुकतंय.

चहातल्या कॅफिनने लघवी जराशी वाढते, पण प्यायलेलं सगळं पाणी निघून जात नाही. ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशनमध्ये २०११ साली एक चाचणी छापून आली. २१ निरोगी पुरुषांना एक दिवस २४० मिलीचे ४ किंवा ६ मग चहा दिला, दुसऱ्या दिवशी तेवढंच साधं पाणी. रक्त-लघवी तपासली, विशेष फरक नाही. अर्थात ती माणसं उन्हात कांदा उपटत नव्हती.

आपली खरी गडबड कपाच्या मापात आहे. शेतावरचा कागदी कप ६०-७० मिलीचा. तीन कप म्हणजे जेमतेम एक पेला. उन्हात जोराचं काम केलं तर तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. म्हणजे चहा खुशाल प्या, पण तो पाण्याच्या हिशोबात धरू नका.

काम चालू असताना दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी घ्या, तहान लागायची वाट बघू नका. एकदम ढसाढसा पिऊ नका, तासाला दीड लिटरच्या वर नको. खूप घाम गेला असेल तर मीठ घातलेलं ताक किंवा ओआरएस. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा). लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय.

कोणी असंबद्ध बोलायला लागलं किंवा शुद्ध हरपली तर सावलीत न्या, अंग ओलं करून वारा घाला, १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

मावशींनी पाणी का टाळलं, ते नंतर हळूच सांगितलं. प्लॉटवर आडोसाच नाही. बऱ्याच बाया याच कारणाने दिवसभर घोटभर पाण्यावर काढतात. चार बांबू आणि जुनं शेडनेट, तासाभराचं काम आहे. शेडनेटचे तुकडे कंपनीच्या गोडाऊनवर पडून आहेत, लागतील त्यांनी घेऊन जावेत.

– आपला कृषी सल्लागार