दिनविशेष कसा तपासावा : 14 फेब्रुवारी आणि भगतसिंग

कल्पना करा, तुम्ही चंदीगडच्या सेक्टर 43 मधील आंतरराज्य बसस्थानकात पंजाबच्या बसची वाट पाहत आहात. तारीख 14 फेब्रुवारी. फोनवर संदेश येतो : 1931 साली आजच्याच दिवशी भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी झाली. दरवर्षी फिरणारा हा दिनविशेष खरा आहे का?

तपासताना प्रथम घटना वेगवेगळ्या करा.

1. शिक्षा : लाहोर कट खटल्यात विशेष न्यायाधिकरणाने 7 ऑक्टोबर 1930 रोजी तिघांना फाशीची शिक्षा सुनावली.

2. फाशी : ती 23 मार्च 1931 रोजी संध्याकाळी लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात दिली गेली. ठरलेली तारीख मात्र 24 मार्च होती. म्हणजे केवळ आधीचा आदेश पाहून तारीख लिहिली, तरी ती चुकते.

3. 14 फेब्रुवारी 1931 : या दिवशी पंडित मदनमोहन मालवीय यांनी फाशी रद्द करून सौम्य शिक्षा द्यावी, अशी विनंती व्हाइसरॉय आयर्विन यांना केली. तिघेही तेव्हा जिवंत होते.

संदेशातील नावे खरी, वर्ष खरे, फाशीही खरी. खोटी आहे फक्त तारीख. म्हणूनच तो चटकन पटतो. तो शंभर जणांनी पाठवला तरी शंभर पुरावे होत नाहीत. सगळे एकाच मजकुराची नक्कल करत असतात.

"तारीख चुकली तर काय बिघडले?" असे तुम्ही विचाराल. 17 फेब्रुवारीला गांधी-आयर्विन बोलणी सुरू झाली आणि 5 मार्चला करार झाला. या तिघांचे प्राण वाचवता आले असते का, हा आजही चर्चिला जाणारा प्रश्न त्याच आठवड्यांतला आहे. फाशी 14 फेब्रुवारीला झाली असे मानले, तर तो प्रश्नच उरत नाही. चुकीची तारीख कार्यकारणाची साखळी तोडते.

प्रत्येक वेळी एकच तारीख हाती लागेल असेही नाही. भगतसिंगांचा जन्म काही पुस्तकांत 27, तर काहींत 28 सप्टेंबर 1907 असा दिलेला आढळतो. अशा वेळी दोन्ही तारखा नोंदवाव्यात.

स्वाध्याय : पुण्याजवळच्या खेडचे नाव राजगुरूंच्या स्मरणार्थ राजगुरुनगर झाले. तुमच्या परिसरातील अशाच एका नावामागची घटना निवडा. ठरलेली तारीख, प्रत्यक्ष तारीख आणि लोकांत रूढ असलेली तारीख असे तीन रकाने करून भरा.