‘लवकर’ म्हणजे नेमकं किती सेकंदांत?

“रिपोर्ट लवकर उघडला पाहिजे.” रिक्वायरमेंटच्या कागदात हे वाक्य दिसलं की मी तिथेच थांबते. टेस्टरने हे तपासायचं कसं? डेव्हलपरला आठ सेकंद म्हणजे लवकर वाटतील, काउंटरवर रांग सांभाळणाऱ्याला तीनही जड जातील. आणि हा वाद यूएटीच्या, म्हणजे वापरणाऱ्यांच्या अंतिम चाचणीच्या, आठवड्यात उफाळून येतो.

तेच असं लिहून बघा: “एका वेळी २०० जण काम करत असताना महिन्याचा विक्री रिपोर्ट १०० पैकी ९५ वेळा ३ सेकंदांच्या आत उघडावा.” यातली परिस्थिती लिहायला बहुतेक जण विसरतात, माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. रिकाम्या सर्व्हरवर काहीही पळतं.

सुझान आणि जेम्स रॉबर्टसन यांच्या व्होलेरे पद्धतीत तर प्रत्येक रिक्वायरमेंटसोबत मोजता येणारा ‘फिट क्रायटेरिअन’ लिहायचा असतो.

“वाचायला सोपं असावं हे कसं मोजणार?” असं नेहमी विचारलं जातं. मोजता येतं! डब्ल्यूसीएजी या वेब सुगम्यतेच्या मानकात एए पातळीसाठी साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा, मोठ्या अक्षरांसाठी ३:१. मोजायची टूल्स फुकट मिळतात.

आकडा मात्र मनाने टाकू नका. आज ते काम किती वेळात होतं ते आधी मोजा, मग रोज ते करणाऱ्यांसोबत बसून ठरवा. तुमच्या चालू प्रोजेक्टमधलं ‘लवकर’ किंवा ‘सोपं’ असलेलं एक वाक्य आजच शोधा आणि त्याला माप द्या.